पेसोची चवली-पावली: स्पॅनिश काळातल्या चांदीच्या चिल्लरीची ओळख

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये कोलंबियाच्या संशोधकांनी समुद्राच्या तळाशी, सुमारे ६०० मीटर खोलीवर पडलेल्या 'सॅन होसे' या जहाजातून एक तोफ, चिनी मातीचा एक पेला आणि काही नाणी वर काढली. हे स्पॅनिश जहाज १७०८मध्ये इंग्रजांशी झालेल्या चकमकीत बुडाले होते. बातम्यांतला भर 'अब्जावधींचा खजिना' या शब्दांवर होता. नाण्यांचे फोटो पाहिल्यावर मात्र अनेकांना एकच प्रश्न पडला. ही नाणी इतकी वेडीवाकडी का? कुणी कात्रीने कापल्यासारखी, अर्धी अक्षरे गायब, धड गोलही नाहीत!

त्याच सुमारास चांदीचा भाव किलोला लाखाच्या बराच वर गेला होता, त्यामुळे जुनी चांदीची नाणी घेण्याचा विषयही घराघरांत निघत होता. या दोन्ही निमित्तांनी स्पॅनिश नाण्यांबद्दल सोप्या भाषेत लिहावे असे वाटले. मात्र खजिन्यातल्या मोठ्या नाण्यांबद्दल नाही, चिल्लरीबद्दल. कारण मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली खरी मजा चिल्लरीतच आहे. मोठे नाणे पेटीत बसून जहाजाने जगभर फिरले. छोटे नाणे बाजारात राहिले, भाजीवालीच्या हातून मजुराच्या हाती गेले, झिजले, भोक पाडून गळ्यात घातले गेले.

आधी हिशेब: पेसो म्हणजे काय, रेआल म्हणजे काय

ज्यांनी आण्यांचा जमाना पाहिला आहे, किंवा आजी-आजोबांकडून ऐकला आहे, त्यांना हे एका मिनिटात कळेल. रुपयाचे सोळा आणे. अर्धा रुपया म्हणजे अधेली, पाव म्हणजे पावली, आणि तिच्या अर्धी, दोन आण्यांची, चवली. प्रत्येक वेळी निम्मे करत जायचे.

स्पॅनिश हिशेब हुबेहूब असाच होता. फक्त रुपयाच्या जागी 'पेसो' आणि त्याचे सोळाऐवजी आठ भाग. एका भागाला म्हणत 'रेआल', म्हणजे 'राजाचा'. म्हणून पेसोचे मोठे नाणे आठ रेआलचे. त्याखाली चार रेआल, दोन रेआल, एक रेआल, अर्धा रेआल आणि सर्वांत धाकटा पाव रेआल. पाव रेआलला 'क्वार्तिय्यो' म्हणत.

आपल्या भाषेत मांडायचे तर चार रेआल म्हणजे पेसोची अधेली, दोन रेआल म्हणजे पावली आणि एक रेआल म्हणजे चवली. अर्धा रेआल हा पेसोचा सोळावा भाग, म्हणजे अगदी आपला आणा. एवढे डोक्यात बसले की पुढचे सोपे आहे.

वजनेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. १७२८नंतरच्या नियमानुसार आठ रेआलचे नाणे साधारण २७ ग्रॅमचे. दोन रेआल ६.७७ ग्रॅम, एक रेआल ३.३८, अर्धा रेआल १.६९ आणि पाव रेआल अवघा ०.८५ ग्रॅमच्या आत. इंग्रजी अमलातली चांदीची दोन आण्यांची चिमुकली नाणी तुमच्या घरी असतील तर त्यांचे वजन भरते १.४६ ग्रॅम. अर्धा रेआल त्याहून जरासाच थोराड. पाव रेआल इतका छोटा की हातातून सुटून फरशीवर पडला तर घरातल्या सगळ्यांनी खाली बसून शोधावा लागतो.

'रेआल' हा शब्द आपल्याला तसा अनोळखी नाही. सौदीत, ओमानमध्ये किंवा कतारमध्ये नोकरी केलेला कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतोच, आणि त्याचा पगार असतो रियालमध्ये. तो रियाल म्हणजे हाच रेआल. स्पॅनिश चांदी अरबी बंदरांत इतकी फिरली की नाणी आटली तरी नाव मागे उरले.

ही चांदी आली कुठून

मुख्यतः दोन ठिकाणांहून. एक मेक्सिको आणि दुसरे आजच्या बोलिव्हियातले पोटोसी.

मेक्सिको शहरात अमेरिका खंडातली पहिली टांकसाळ १५३६मध्ये सुरू झाली. पोटोसी हे समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरहून उंच असलेले गाव. तिथल्या डोंगरात १५४५मध्ये चांदी सापडली आणि गावाचे नशीब फिरले. स्पॅनिश भाषेत आजही अतिशय मोलाच्या वस्तूला 'एका पोटोसीच्या किमतीची' म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांचे नशीब मात्र वेगळ्या अर्थाने फिरले. 'मिता' नावाच्या वेठबिगारीत आसपासच्या प्रदेशांतून दर वर्षी सुमारे १३,५०० माणसे पाळीपाळीने खाणीत आणली जात. चांदी वेगळी करायला पारा वापरत, तोही पेरूतल्या वांकावेलिका इथल्या खाणीतून यायचा. या विषारी कामात किती माणसे संपली याची मोजदाद नाही. नाणे हातात घेतल्यावर त्याची झळाळी दिसते, पण ते तिथवर कसे आले हेही माहीत असलेले बरे.

पुढे लिमा, बोगोटा, ग्वाटेमाला आणि सँटियागो इथेही टांकसाळी निघाल्या. प्रत्येकीची खूण वेगळी. त्या खुणांकडे पुढे येतोच.

मग ती वेडीवाकडी का?

सुरुवातीच्या पद्धतीला यंत्र नव्हते. वितळलेल्या चांदीची कांब ओतायची आणि ती ठोकून पट्टी करायची. मग मुळ्याच्या चकत्या पाडाव्यात तसे तिचे तुकडे कापायचे. तुकडा तराजूत टाकायचा. वजन जास्त भरले तर छिन्नीने कडा छाटायच्या, मग तो चौकोनी होवो की पंचकोनी. शेवटी तो दोन ठशांमध्ये ठेवून वरून हातोड्याचा घाव. झाले नाणे.

यात नेमके राखायचे होते ते फक्त वजन आणि चांदीचा कस. रूपाची कुणाला पडली नव्हती. ठसा तुकड्यापेक्षा मोठा असला की निम्मी अक्षरे बाहेरच राहायची. म्हणून या नाण्यांवर राजाचे पूर्ण नाव आणि वर्ष क्वचितच दिसते. अशा हाताने ठोकलेल्या नाण्यांना 'माकुकिना' म्हणतात.

अर्ध्या रेआलवर तर जागाच नव्हती. मोठ्या नाण्यावर राजचिन्हाची ढाल असे. अर्ध्या रेआलवर तिच्याऐवजी राजाच्या नावाची अक्षरे एकमेकांत गुंतवून केलेली एकच आकृती काढत. 'कारोलुस' किंवा 'फिलिपुस' ही सगळी अक्षरे एका गाठोड्यात! ती पाहून मला मोडी कागदांवरच्या घाईघाईच्या सह्या आठवतात. मागच्या बाजूला क्रूस आणि त्याच्या चार खणांत किल्ले आणि सिंह, म्हणजे कास्तिय आणि लेओन या दोन राज्यांची चिन्हे.

मेक्सिकोत १७३२मध्ये यंत्र आले आणि नाणी गोल झाली. पोटोसीत मात्र हातोडा १७७३पर्यंत चालू होता. म्हणजे चाळीस वर्षे एकाच साम्राज्यात दोन्ही तऱ्हा सुरू होत्या. 'वेडेवाकडे म्हणजे जास्त जुने' हा नियम म्हणूनच धोक्याचा आहे. पोटोसीचा वाकडा रेआल मेक्सिकोच्या गोल रेआलपेक्षा तीस वर्षांनी तरुण असू शकतो.

चिल्लर कमी का होती?

हा प्रश्न मला सगळ्यांत रंजक वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

कल्पना करा, तुम्ही टांकसाळीत कामाला आहात आणि मेहनताना वजनावर ठरतो. एक पेसो पाडायला हातोड्याचा एक घाव. त्याच चांदीचे अर्धे रेआल पाडायचे तर सोळा तुकडे कापा, सोळा वेळा तोला, सोळा वेळा ठोका. मिळणार तेवढेच. कोण करील? व्यापाऱ्यांनाही पेसोच हवे होते. त्यांना चांदी सेव्हिलला, मनिलाला आणि पुढे चीनला पाठवायची होती. भाजी घ्यायची नव्हती.

परिणाम असा की जिथे जगातली सर्वाधिक चांदी निघत होती, त्याच मेक्सिकोत बाजाराला सुट्टे मिळत नव्हते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या शेतमजुराची रोजंदारी दोन रेआलच्या आसपास होती. म्हणजे अर्धा रेआल हीच पाव दिवसाची मजुरी. मूठभर मिरच्या आणि चार मक्याच्या भाकऱ्या घ्यायला एवढे मोठे नाणे कोण मोडून देणार?

लोकांनी आपापले मार्ग काढले. कोकोच्या बिया तर स्पॅनिश येण्याआधीपासून तिथल्या बाजारात पैशासारख्या चालत होत्या, त्या चालूच राहिल्या. दुकानदारांनी लाकडाची, चामड्याची, तांब्याची स्वतःची टोकने काढली. पाव रेआलच्या निम्म्याला म्हणत 'त्लाको' आणि त्याच्याही निम्म्याला 'पिलोन'. हे टोकन फक्त त्याच दुकानात चालायचे, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा तिथेच बांधलेले. आपल्याकडे वाणी 'सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या' म्हणतो त्याचाच हा चारशे वर्षांपूर्वीचा अवतार. फरक इतकाच की आपण ते चॉकलेट खाऊन तरी टाकतो.

सरकारने काही केलेच नाही असे नाही. १५४२च्या सुमारास तांब्याची नाणी काढली होती. मूळ रहिवाशांना ती इतकी नकोशी वाटली की त्यांनी ती टेस्कोको सरोवरात फेकून दिल्याचे जुन्या बखरकारांनी लिहून ठेवले आहे. चांदीचा पाव रेआल नियमित यायला १७९६ उजाडावे लागले. त्यावर एका बाजूला किल्ला आणि दुसऱ्या बाजूला सिंह. राजाचे नाव नाही, चेहरा नाही. बारा मिलिमीटरच्या चकतीवर राजाला बसवणार कुठे?

म्हणून संग्राहकाच्या दृष्टीने गंमत उलटी आहे. चिल्लर मुळात कमी पाडली गेली आणि पाडली ती मरेस्तोवर वापरली गेली. त्यामुळे चांगल्या अवस्थेतला अर्धा किंवा पाव रेआल कित्येकदा त्याच वर्षाच्या पेसोपेक्षा दुर्मीळ असतो. झिजलेला मात्र सहज आणि बऱ्यापैकी स्वस्तात मिळतो.

नाणे वाचायचे कसे

यंत्रावर पाडलेल्या नाण्यांचे दोन मोठे गट आहेत.

पहिला १७३२ ते १७७२ या काळातला. त्यावर समुद्राच्या लाटांवर उभे दोन खांब, त्यांच्यामध्ये जगाचे दोन गोलार्ध आणि वर मुकुट. खांब म्हणजे जिब्राल्टरचे, ग्रीक-रोमन कथांनुसार जगाची सीमा दाखवणारे. खांबांना गुंडाळलेल्या पट्टीवर लॅटिनमध्ये 'प्लुस उल्त्रा', म्हणजे 'आणखी पलीकडे'. रसिकांच्या मते स्पॅनिश नाण्यांतले हे सर्वांत देखणे चित्र, आणि ते खोटे नाही. अर्ध्या रेआलवरही ते अख्खे बसवले आहे, भिंगाखाली लाटा मोजता येतात.

दुसरा गट १७७२नंतरचा. समोर राजाचा चेहरा, रोमन सम्राटासारखा पानांचा मुकुट घातलेला. मागे ढाल आणि खांब.

यापुढे तीन गोष्टी शोधायच्या. वर्ष, टांकसाळीची खूण आणि पारखी. मोठा 'एम' आणि त्याच्या डोक्यावर छोटा 'ओ' म्हणजे मेक्सिको. अक्षरांची गुंतागुंत म्हणजे बहुधा लिमा किंवा पोटोसी. 'एन जी' म्हणजे नवे ग्वाटेमाला, कारण जुने शहर १७७३च्या भूकंपात उद्ध्वस्त झाले आणि राजधानी हलवली. 'एन आर' म्हणजे बोगोटा.

पारखी म्हणजे चांदीच्या कसाची हमी देणारा अधिकारी. मराठेशाहीत नाणी पारखायचे काम पोतदार करत, तसाच हा. त्याच्या नावाची आद्याक्षरे नाण्यावर असत, म्हणजे कस कमी निघाला तर गर्दन कुणाची ते ठरलेले. ही नुसती म्हणायची गोष्ट नव्हती. १६४०च्या दशकात पोटोसीच्या नाण्यांत चांदी कमी आणि तांबे जास्त असल्याचे उघड झाले. चौकशी झाली आणि पारखी रामिरेस दे आरेयानो आणि चांदीचा व्यापारी गोमेस दे ला रोचा या दोघांना मृत्युदंड झाला. युरोपात पोटोसीच्या नाण्यांना असा बट्टा लागला की १६५२मध्ये चित्रच बदलावे लागले. नव्या नाण्यावर पारख्याचे अक्षर आणि वर्ष एकाहून अधिक वेळा छापू लागले, कडा कापली गेली तरी कुठेतरी उरावे म्हणून.

चोर पकडणारे सरकार स्वतः मात्र फारसे धुतल्या तांदळासारखे नव्हते. १७२८च्या नियमाने चांदीचा कस बारा भागांत अकरा होता, म्हणजे ९१.७ टक्के. (कंपनी सरकारचा १८३५चा रुपयाही याच कसाचा.) १७७२मध्ये तो गुपचूप ९०.३ केला आणि १७८६मध्ये आणखी गुपचूप ८९.६. राजाचा चेहरा नाण्यावर आला आणि त्याच वर्षी चांदी कमी झाली, हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

राजा मेला, पण बातमी जहाजात आहे

माद्रिदची बातमी मेक्सिकोला पोहोचायला महिने लागत आणि पोटोसीला त्याहून जास्त. त्यातून विचित्र नाणी जन्माला आली.

पहिला लुईस १७२४मध्ये जेमतेम सात महिने राजा होता आणि ऑगस्टमध्ये देवीने वारला. त्याच्या नावाची मेक्सिकोची नाणी १७२५ सालचीही आहेत.

चौथा कार्लोस १७८८च्या शेवटी गादीवर आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा ठसा अमेरिकेत नव्हता. मग टांकसाळींनी वडिलांचाच चेहरा ठेवला आणि नाव तेवढे मुलाचे घातले. १७८९-९०चे असे रेआल आजही मिळतात. नवशिक्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही, कारण चूक समजायला लॅटिन यावे लागत नाही.

कळस झाला १८०८मध्ये. नेपोलियनने स्पेन गिळला, सातवा फर्नांडो कैदेत पडला आणि त्याचे चित्र पाठवायला कुणीच उरले नाही. लिमाच्या कारागिराने स्वतःच्या कल्पनेने एक राजा कोरला, मेक्सिकोच्या कारागिराने चिलखत घातलेला दुसराच. दोन टांकसाळींचे हे फर्नांडो शेजारी ठेवले तर ते भाऊही वाटत नाहीत.

'पण पेसो कापून सुट्टे करत ना?'

हा हमखास येणारा प्रश्न. समुद्री चाच्यांच्या गोष्टींत मोठे नाणे पिझ्झासारखे आठ तुकड्यांत कापलेले असते. कॅरिबियन बेटांवर नाणी खरोखर कापली जात, त्या तुकड्यांवर बेटाचा शिक्काही मारत. पण एक रेआल म्हणजे कापलेला पेसो नव्हे. तो स्वतंत्र पाडलेले नाणे होता आणि सुट्ट्यांचे काम मुख्यतः तोच करायचा.

अमेरिकेत तर त्याने फार काम केले. स्वतंत्र झालेल्या अमेरिकेकडे स्वतःची पुरेशी नाणी नव्हती, म्हणून स्पॅनिश चांदी तिथे १८५७पर्यंत कायदेशीर चलन होती. एका रेआलला तिथे 'बिट' म्हणत. त्यामुळे पाव डॉलरला आजही जुनी माणसे 'टू बिट्स' म्हणतात, म्हणजे आपली पावलीच. अर्ध्या रेआलला लुइझियानात 'पिकायून' म्हणत. न्यू ऑर्लिन्समध्ये १८३७ला निघालेल्या एका वर्तमानपत्राने तेच नाव घेतले, कारण अंकाची किंमत तेवढीच होती. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात भाव १९९७पर्यंत डॉलरच्या आठव्या भागात बोलले जात. त्याचेही मूळ पेसोच्या आठ भागांतच सांगितले जाते.

१८५७च्या कायद्याने ही चिल्लर सरकारजमा करायची ठरली तेव्हा दोन रेआलचा दर २० सेंट ठेवला, एक रेआलचा १० आणि अर्ध्याचा ५. खरा हिशेब २५, साडेबारा आणि सव्वासहा. मधला फरक झिजेपोटी. बट्टा म्हणतात तो हा.

'ही नाणी भारतात का सापडत नाहीत?'

आली तर होती, आणि ढिगांनी. १५८० ते १६४० ही साठ वर्षे स्पेनचाच राजा पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे गोवाही त्याच्याच छत्राखाली. लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या जहाजांत मिरीच्या खरेदीसाठी रेआलच्या पेट्या असत. सुरतेला इंग्रज आणि डच कंपन्याही हीच चांदी आणत.

पण मोगल अमलात परकी नाणे बाजारात नुसते चालत नसे. ते टांकसाळीत जायचे, आटायचे आणि रुपया होऊन बाहेर पडायचे. पेसोत साधारण दोन रुपयांहून थोडी जास्त चांदी भरायची. तेव्हा पोटोसीची चांदी आपल्याकडे नक्की आहे, फक्त ती जुन्या रुपयांत, तोड्यांत, वाळ्यांत आणि देवघरातल्या समईत विरघळली आहे. शिवाय इकडे यायचे ते मोठे नाणे. चिल्लर तिकडच्याच बाजारात राहिली. म्हणून कुणी 'कोकणात शेतात सापडला' म्हणून अर्धा रेआल दाखवला तर आधी शंका घ्यावी.

'खरे की खोटे, घरी कळेल?'

बरेचसे कळेल, सगळे नाही.

पहिले वजन. सोनाराकडचा, दोन दशांश दाखवणारा काटा पुरतो. झीज आणि छाटणीमुळे थोडे कमी भरले तर हरकत नाही, जास्त भरले तर संशय. दुसरे लोहचुंबक, चांदी त्याला चिकटत नाही. तिसरे कडा. ओतीव नकलेच्या काठावर साच्याची रेघ राहते आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. ठोकलेल्या नाण्यावर ते नसतात.

पाण्यात तोलून घनता काढायची युक्ती अनेकजण सांगतात. ९० टक्के चांदीची घनता १०.३च्या आसपास येते. आठ रेआलच्या नाण्याला ही परीक्षा उत्तम. अर्ध्या रेआलला मात्र ती फसवते. १.६९ ग्रॅमचे नाणे पाण्यात ०.१६ ग्रॅमने हलके व्हायला हवे. काट्याने ०.१७ दाखवले की उत्तर १०.६वरून थेट ९.९वर येते. एका शतांशाच्या चुकीने खरे नाणे खोटे ठरते.

आणि वाजवून बघणे? 'खणखणीत नाणे' हा शब्दप्रयोग आपण उगाच वापरत नाही, जुने सराफ रुपया वाजवूनच घेत. पण तीनशे वर्षांच्या नाण्याला आतून बारीक तडा असेल तर खरे असूनही ते बद्द वाजते. फरशीवर आपटू तर नयेच.

एक गंमत अशी की त्या काळातही खोटी नाणी होतीच. तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले अठराव्या शतकातले खोटे रेआल आज काही संग्राहक मुद्दाम जमवतात.

'चांदी महागली आहे, गुंतवणूक म्हणून घेऊ का?'

चिल्लरीत तरी नको. अर्ध्या रेआलमध्ये शुद्ध चांदी दीड ग्रॅम. किलोला एक लाखाचा भाव धरला तर ती दीडशे रुपयांची. नाण्याची बाजारातली किंमत त्याच्या अनेक पट असते आणि ती ठरते वर्ष, टांकसाळ आणि अवस्थेवर. भाव वाढला म्हणून ती त्या प्रमाणात वाढत नाही. चांदीच हवी असेल तर सराफाकडून वळे घ्यावे.

जहाजातून काढलेल्या नाण्यांना कागद लागतो. १७८४मध्ये मेक्सिकोच्या आखातात बुडालेले 'एल कासादोर' लुइझियानासाठी चांदीची नाणी घेऊन निघाले होते. १९९३मध्ये मासेमारीच्या जाळ्यात त्याची नाणी आली आणि त्या ट्रॉलरचे नाव होते 'मिस्टेक'! ही नाणी बाजारात उघडपणे मिळतात. उलट १८०४मध्ये बुडालेल्या 'मेर्सेदेस'ची सुमारे सहा लाख नाणी एका अमेरिकन कंपनीने काढली, आणि २०१२मध्ये न्यायालयाच्या आदेशाने ती सगळी स्पेनला परत द्यावी लागली. दोन्ही चांदी मेक्सिको-पेरूकडचीच, पण मालकीचा निवाडा वेगळा. म्हणून 'जहाजातले आहे' असे विक्रेता म्हणाला की कोणत्या, ते विचारावे.

आपल्याकडच्या कायद्याचेही भान हवे. शंभर वर्षांहून जुने नाणे, मग ते कुठल्याही देशाचे असो, १९७२च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरते आणि सामान्य माणसाला ते भारताबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये राहणाऱ्या भाच्याने तिथल्या नाणे-प्रदर्शनातून रेआल आणून दिला, तर तो पुढे परत नेताना ही अडचण येईल.

भोक पाडलेले घ्यावे का?

जाणकार नाक मुरडतात. भोक म्हणजे दोष, किंमत निम्म्याहून खाली. मी मात्र घेतो.

छोट्या रेआलना भोके फार. लहान मुलाच्या गळ्यात, मनगटात, टोपीला, कपड्याला टाचायला ती पाडलेली असतात. आपल्याला यात नवल वाटू नये. पुतळ्यांची माळ हा आपला दागिना मूळचा व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवरून आला. त्या नाण्यांवर माणसांच्या आकृत्या होत्या म्हणून ती 'पुतळी'. परक्या देशाचे नाणे गळ्यात घालण्यात आपण कुणाच्या मागे नाही.

माझ्याकडचा एक अर्धा रेआल १७८३चा, मेक्सिकोचा. राजाच्या बरोबर कानाच्या वर भोक आहे. आतली कडा एका बाजूने जास्त झिजलेली आहे, म्हणजे तो बराच काळ दोऱ्यात लोंबकळत होता. घरी आला तेव्हा काळाभोर होता. मी बाहेर असताना घरातल्यांनी प्रेमाने चिंच आणि रांगोळी लावून तो लख्ख घासून ठेवला. अडीचशे वर्षांचा रंग दहा मिनिटांत गेला आणि त्याबरोबर केसांच्या उरल्यासुरल्या बटाही गेल्या. जुनी चांदी घासू नये, चिंचेने नाही, दंतमंजनाने नाही, सोनाराच्या पाण्यात तर मुळीच नाही. फार तर स्वच्छ पाण्यातून काढून मऊ कापडाने टिपावी. ठेवायचे ते पीव्हीसी नसलेल्या पाकिटात, कारण पीव्हीसीने नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

पाकिटावर मी राजा, टांकसाळ, वर्ष, पारख्याची अक्षरे आणि वजन लिहितो. या नाण्याचे वजन भरते १.४८ ग्रॅम. भोकाचे आणि झिजेचे मिळून वीस-एकवीस सेंटिग्रॅम कमी. त्याखाली आता आणखी एक ओळ लिहिली आहे: 'चिंचेने घासलेले.'